काही आढळले नाही

पहाटे तीन वाजून अकरा मिनिटांनी फोन थरथरला
स्टीलच्या डब्याच्या झाकणावर,
म्हणून अख्खं घर थरथरलं.
आई उठूनच होती. तिची पाळी माझ्या आधी सुरू होते:
घमेलं, कुंचा, पत्र्याचा तुकडा,
आणि सराफ बाजार उघडायच्या आत
दंडगव्हाळांच्या पेढीपुढची गटार.

पडद्यावर दोन ओळी.
गुरुत्वलहरी टिपणाऱ्यांना काहीतरी जाणवलंय.
बहुधा दोन न्यूट्रॉन तारे,
एकमेकांभोवती फिरत फिरत अखेर एक झालेले.
सगळी पृथ्वी ताणली गेली म्हणे,
आणि दुधावरची सायसुद्धा हलली नाही.
एक सांगावा पोचला.
दुसरा आमच्या उपग्रहाकडे आलाय का,
गॅमा किरणांची एखादी उचकी,
ते बघायचं काम आज माझं.

गॅमा किरण खाली येत नाहीत.
हवा त्यांना वरच्या वर गिळते, आणि बरंच करते.
म्हणून माझं घमेलं
साडेपाचशे किलोमीटर वर फिरतंय.

"काय झालं गं?"
"दोन तारे आपटले."
"कधी?"
"तेरा कोटी वर्षांपूर्वी."
पदर खोचत म्हणाली,
"मग चहा पिऊन बस की."

सेकंदाला चारेकशे टिपके.
कुठलेही, कुठूनही,
काही यंत्राच्या स्वतःच्या हाडांतले.
ही माती.
तिच्यात दीड-दोन सेकंदांचा एक कण.
हे मी आठवीत शिकले,
गाडगे महाराज पुलाखाली, गुडघाभर गोदावरीत:
घमेलं गोल फिरव. हलकं आपोआप जातं.
घाई केलीस तर जडही जातं.
आणि उरेल त्याला लगेच सोनं म्हणू नकोस,
पितळही तळालाच बसतं.

अशाच टकरीत सोनं तयार होतं,
मी तिला एकदा सांगितलं होतं.
तिनं नखांतलं काळं बघितलं.
"आणि एवढ्या लांबून येऊन
दंडगव्हाळांच्या गटारीत पडतं?"
परिषदेत मला असलं कुणी विचारत नाही.

तीन छप्पन्न. तिरुवनंतपुरमहून शैलजा विचारते, दिसलं?
चिलीत एक दुर्बीण छप्पर उघडून बसलीय,
कुठं वळू ते सांगा म्हणतेय.
आणि तेवढ्यात उंचवटा.
मी खुर्चीवरून उठले. चहा सांडला.
खरंच उठले, कुणीतरी दारात आल्यासारखी.

मग चारही डोळे एकेक करून तपासले.
एकानंच पाहिलं होतं. तिघांना पत्ता नाही.
भटका एक कण, यंत्राला थडकून गेलेला.
पितळ.

झोत दुसरीकडेच तोंड करून सुटला असेल,
तिकडच्या कुणाच्या तरी गच्चीवर.
किंवा झालाच नसेल. आपल्याला काय कळणार.
मी लिहिलं:
त्या वेळी आकाशाचा तो भाग आमच्या नजरेसमोर होता.
एवढ्या तेजाच्या वर काही आढळले नाही.
ही 'एवढ्या'ची किंमत काढायला दीड तास लागला.
नुसतं 'नाही' कुणीही म्हणेल.

सात वाजता आई आली, लुगड्याचा काठ ओला.
महापालिकेनं रात्रीच गटार धुऊन टाकलेली.
"कौतिकबाई निघाली होती तिकडं,
म्हटलं जाऊ नको, मी बघून आले."
"मीही तेच कळवलं."
"कुणाला?"
"चिलीला."
"ऐकलं का त्यांनी?"
"दुसरीकडं वळले."
तिनं मान हलवली, कौतिकबाईही वळली असावी.

तरी चार मुठी गाळ तिनं आणलाच होता.
गच्चीवर जुन्या पेपरवर पसरला,
कोपऱ्यांवर दगड ठेवले.
मी म्हटलं, यात काही नाही ना?
"आत्ता नाही दिसत," ती म्हणाली,
"वाळल्यावर परत बघायचं."

मी खाली येऊन फाइल पुसायची थांबले.
तिला तारखेचं नाव दिलं.